गवताची गाडी : एका विलायती निसर्गचित्राची ओळख

आमच्या लहानपणी केशकर्तनालयात जाऊन बसले की डोक्यावरच्या कात्रीपेक्षा समोरच्या भिंतीकडेच आमचे लक्ष अधिक असे. आरशाच्या वर एक चौकट टांगलेली असे. तिच्यात गवताने शाकारलेले एक टुमदार घर, शेजारून वाहणारा संथ ओढा, ओढ्यावर लाकडी पूल आणि मागे गर्द हिरवी झाडी. या चित्राला सगळे 'सीनरी' म्हणत. ती सीनरी कोणत्या देशातली, कोणी काढलेली, हे ना दुकानदाराला ठाऊक असे ना गिऱ्हाइकाला. पण चहाचे दुकान असो, लग्नात आलेली भेट असो, की व्यापाऱ्याने दिवाळीला वाटलेले कॅलेंडर असो, असली एखादी सीनरी भिंतीवर असायचीच.

आता दुसरी गोष्ट पाहा. तिसरी-चौथीतल्या कोणत्याही मुलाच्या हाती कागद द्या आणि म्हणा, "बाळ, निसर्गचित्र काढ." तो क्षणाचाही विचार न करता दोन त्रिकोणी डोंगर काढील, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून निघून थेट कागदाच्या खालच्या कडेला येणारी नदी, काठावर एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड, आणि आकाशात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. हा मुलगा लोणंदचा असेल तर त्याने त्रिकोणी डोंगर उभ्या जन्मात पाहिलेला नसतो. आपले सालप्याच्या बाजूचे डोंगर माथ्याला सपाट, जणू कोणी रंधा मारावा तसे. नारळीही आपल्याकडे विरळाच. आपल्याकडे बाभळी आणि लिंब. तरीही मुलगा जे रोज पाहतो ते काढीत नाही. जे कधी पाहिले नाही तेच काढतो, आणि आपण त्याला शाबासकी देतो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून ज्या प्रकारच्या चित्रांपासून ही सीनरी निघाली, त्यांतील एक मूळ चित्र नीट समजून घ्यावे, असा आजचा बेत आहे.

हे चित्र जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८२१ साली पुरे केले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रुंदी सुमारे सहा फूट, उंची सुमारे सव्वाचार फूट. म्हणजे आपल्या घरातल्या एखाद्या पलंगाएवढे. प्रथम प्रदर्शनात ठेवले तेव्हा चित्रकाराने त्याला 'निसर्गदृश्य : दुपार' असे साधे नाव दिले होते. पुढे ते 'द हे वेन' या नावाने ओळखले जाऊ लागले. 'द हे वेन' म्हणजे वाळल्या गवताची गाडी. आपल्याकडे जसा कडबा रचून ठेवतात, तसे तिकडे ऐन उन्हाळ्यात कुरणातले गवत कापून, उन्हात वाळवून, हिवाळ्यातल्या वैरणीची बेगमी करतात. त्या गवताच्या हंगामातली ही दुपार आहे.

चित्रात घडते आहे ते असे. डाव्या हाताला पाण्याच्या अगदी कडेला एक जुने घर आहे. घराशेजारी एक बाई पाण्यावर वाकली आहे. मधोमध उथळ नदीच्या पात्रात एक रिकामी गाडी उभी आहे. तिला घोडे जुंपलेले आहेत आणि गाडीत दोन माणसे आहेत. अलीकडच्या काठावर एक कुत्रा गाडीकडे पाहत थांबला आहे. उजवीकडे दूरवर उन्हात न्हालेले कुरण आहे, आणि नीट पाहिले तर त्या कुरणात गवत कापणारी माणसे पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. गाडी तिकडेच निघाली आहे. वर ढगांनी भरलेले मोठे आकाश. संपली चित्राची हकीकत! राजा नाही, लढाई नाही, देव नाही, अप्सरा नाही.

गाडी पाण्यात का थांबली आहे? शहरी पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर त्याला पुस्तकात शोधावे लागते. आपल्याकडच्या जुन्या गाडीवानाला ते पुस्तकाशिवाय समजेल. उन्हाळ्याने चाकाचे लाकूड आकसते, आरे खिळखिळे होतात, वरची लोखंडी धाव सैल पडते. गाडी पाण्यात उभी केली की लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. शिवाय जनावरांचे पायही गार होतात. नदी ओलांडता ओलांडता ही दोन्ही कामे होतात, असा या थांबण्याचा एक अर्थ जाणकार लावतात. सफक परगण्यातल्या गाडीची ही अडचण आणि नीरेच्या उतारावरच्या गाडीची अडचण एकच होती, हे ध्यानात आले की हे विलायती चित्र एकदम आपल्या अंगणात येते.

हा चित्रकार मुळात गिरणीवाल्याचा मुलगा. त्याचा जन्म १७७६ सालचा, सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट या गावचा. स्टूर नदीच्या काठी वडिलांच्या धान्य दळण्याच्या गिरण्या होत्या. चित्रातली जागा त्यांतल्याच फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळची. शेजारचे ते घर विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचे. या विली लॉटने ऐंशीवर वर्षांच्या आयुष्यात त्या घराबाहेर सगळे मिळून चार दिवसही काढले नाहीत, अशी आख्यायिका कॉन्स्टेबलच्या चरित्रकाराने नमूद केली आहे. तरुणपणी कॉन्स्टेबलने काही काळ वडिलांच्या पवनचक्कीवर काम केले. पवनचक्कीवाल्याला वारा आणि ढग यांची नाडी ओळखावी लागते. अंदाज चुकला तर चक्कीची पाती मोडायची. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. आकाशाकडे पाहण्याची ही सवय त्याच्या चित्रात शेवटपर्यंत टिकली. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे त्याने नुसत्या ढगांचे अभ्यास केले आणि त्यांतील पुष्कळांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ढग म्हणजे कापसाचे गोळे नव्हेत. प्रत्येक ढगाला त्याची वेळ आणि त्याचा वारा असतो, हे त्याने जाणले होते.

त्या काळी हे सारे चमत्कारिक समजले जाई. चित्रांची एक उतरंड ठरून गेली होती. पुराणातले किंवा इतिहासातले प्रसंग हे सर्वांत वरचे. नुसता रानमळा दाखविणारे चित्र बरेच खालचे. रान दाखवायचेच तर इटलीतले दाखवावे, त्यात पडके देऊळ असावे, आणि सगळ्यावर जुन्या चित्रांचा तपकिरी रंग असावा. यावर एक मौजेची गोष्ट सांगतात. सर जॉर्ज बोमंट नावाचे एक रसिक श्रीमंत गृहस्थ कॉन्स्टेबलचे हितचिंतक होते. चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा, असे त्यांनी सुचविले. कॉन्स्टेबल काही बोलला नाही. त्याने एक जुने व्हायोलिन घेतले आणि घरापुढच्या हिरवळीवर नेऊन ठेवले. गवत हिरवे दिसले आणि व्हायोलिन तपकिरी. वाद तेथेच संपला.

पण गवत हिरवे आहे एवढे म्हणून भागत नाही. ते हिरवे दाखवायचे कसे? येथे तैलरंगाची करामत थोडी समजून घ्यावी लागेल. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच जवसाच्या तेलात रंगाची पूड घोटून तैलरंग होतो. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते. त्यामुळे चित्रकाराला सवड मिळते. एका थरावर दुसरा थर देता येतो, खालचा रंग वरच्या पातळ रंगातून झिरपू देता येतो, किंवा जाड रंगाचा उंचवटा तसाच ठेवता येतो. कॉन्स्टेबलने पाने एका सपाट हिरव्याने रंगविली नाहीत. पिवळट, निळसर, काळपट असे अनेक हिरवे त्याने शेजारी शेजारी टिपक्यांनी मांडले आणि ओल्या पानांवरची चमक दाखवायला मधूनमधून सफेद्याचे फटकारे दिले. टीकाकारांनी या पांढऱ्या ठिपक्यांना 'कॉन्स्टेबलचा बर्फ' म्हणून हिणविले. घोड्यांच्या साजावर त्याने थोडासा तांबडा रंग ठेवला आहे. तो झाकून चित्र पाहावे, म्हणजे भोवतालचा हिरवा कसा मंद पडतो ते कळते. हिरव्या लुगड्याला तांबडा काठ का खुलतो, हे आपल्या आयाबहिणींना पूर्वीपासून ठाऊक आहे. तोच हा न्याय.

यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. हे चित्र नदीकाठी बसून काढलेले नाही. ते लंडनमध्ये, हिवाळ्यात, घरात बसून काढले. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांत स्मरणचित्र नावाचा विषय असतो. 'द हे वेन' हे एका अर्थी स्मरणचित्रच आहे. परंतु परीक्षेतील स्मरणचित्र आणि हे, यांत एक भेद आहे. कॉन्स्टेबलने स्मरणावर विसंबून काही सोडले नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्या जागी जाऊन केलेली रेखाटने आणि छोटी तैलचित्रे त्याच्यापाशी होती. मोठ्या चित्राआधी त्याच मापाचा एक कच्चा खर्डा त्याने पुरा रंगविला. गाडीचा सांगाडा बरोबर साधत नव्हता, तेव्हा गावाकडे भावाला कळवून तेथल्या एका ओळखीच्या तरुणाकडून गाडीची रेखाटने काढवून मागविली. गिरणीवाल्याच्या मुलाने गाड्या काय थोड्या पाहिल्या असतील? तरीही अंदाजाने काढणे त्याला पटले नाही. ज्या वस्तूवर प्रेम असते तिच्याविषयी मनुष्य असा काटेकोर असतो.

इतके करूनही १८२१ च्या लंडनच्या प्रदर्शनात चित्राला गिऱ्हाईक मिळाले नाही. तीन वर्षांनी एका फ्रेंच व्यापाऱ्याने ते इतर चित्रांसह विकत घेऊन पॅरिसला नेले. तेथील १८२४ च्या प्रदर्शनात त्याने खळबळ उडविली आणि फ्रान्सच्या राजाकडून कॉन्स्टेबलला सुवर्णपदक मिळाले. दलाक्र्वासारख्या थोर चित्रकाराने ही रंगांची रीत पाहून आपल्या एका मोठ्या चित्रावर पुन्हा हात फिरविला, असे सांगतात. घरच्यांनी मात्र उशीर केला. लंडनच्या रॉयल अकॅडमीने त्याला पूर्ण सभासदत्व दिले ते १८२९ साली, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. आणि तोवर त्याची पत्नी निवर्तली होती. १८३७ साली तो वारला. पुढे १८८६ साली हे चित्र एका संग्राहकाने नॅशनल गॅलरीस दिले, आणि ज्याला कोणी घेत नव्हते ते चित्र इंग्लंडच्या खेड्याचे जणू अधिकृत रूप होऊन बसले.

येथवर स्तुती झाली. पण शेतीवाडीच्या मुलखात राहणाऱ्या आपण या चित्राला आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : त्या कुरणातल्या पांढऱ्या ठिपक्यांचे काय? त्या माणसांच्या घरी त्या दुपारी चूल पेटली होती का?

इतिहास सांगतो की ते दिवस वाईट होते. १८१५ साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले. धान्याचे भाव कोसळू नयेत म्हणून जमीनदारांच्या पार्लमेंटाने परदेशी धान्यावर बंधने घातली. सैन्यातून सुटलेली माणसे गावी परतली आणि मजुरी घसरली. गावकीची कुरणे व पडीक जमिनी कुंपणे घालून खाजगी होत चालल्या होत्या. १८१६ साली याच पूर्व इंग्लंडात भाकरीसाठी दंगे झाले. हिवाळ्यात हातमळणीचे जे काम मिळे, तेही मळणी यंत्रांनी हिरावले. १८२२ साली सफक आणि नॉरफक परगण्यांत मजुरांनी यंत्रे फोडली, गंजी पेटविल्या. कॉन्स्टेबलला हे ठाऊक नव्हते असे नाही. १८२२ च्या वसंतात त्याने जॉन फिशर या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात, रात्रीमागून रात्री जवळ-दूर आगी दिसतात, असे गावाकडच्या भावाने कळविल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्या भावाकडून गाडीची रेखाटने आली, त्याच भावाकडून पुढच्या वर्षी जळत्या गंजींची वार्ता आली. गाडी चित्रात आहे. आग कोणत्याही चित्रात नाही.

याला लबाडी म्हणावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. दूर शहरात राहणारा मनुष्य गावाची आठवण काढतो तेव्हा त्याला बालपणीची दुपार आठवते, सावकाराचा तगादा आठवत नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या आपल्या सातारकर माणसाचेही असेच होत असे. पण चित्रात जे आहे ते खरे आहे म्हणून चित्रात नसलेले खोटे ठरत नाही, हे पाहणाऱ्याने विसरू नये. चित्राचे सौंदर्य मान्य करावे आणि त्या ठिपक्यांचीही विचारपूस करावी. या दोहोंत विरोध नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? १८१८ साली पेशवाई बुडाली होती. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते, आणि कंपनीचा प्रतिनिधी म्हणून १८२२ पर्यंत तेथे राहिलेला ग्रँट डफ मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे जमवीत होता. राज्याबरोबर इंग्रजांची चित्रकलाही आली. खरे तर तिचे पाऊल आधीच पडले होते. १७९० नंतरच्या काही वर्षांत पुण्याचा रेसिडेंट मॅलेट याच्या आश्रयास जेम्स वेल्स हा चित्रकार होता आणि त्याच्या सहवासात गंगाराम तांबट हा आपला कारागीर नव्या रीतीची रेखाटने करू लागला होता. आपल्या जुन्या चित्रांत झाडे-पाणी नव्हते असे नव्हे. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यातील भिंतीचित्रे पाहावीत. पण तेथे झाडे आहेत ती देवांच्या आणि माणसांच्या सोबतीला. नुसते झाड, नुसती नदी हा चित्राचा विषय होऊ शकतो, ही कल्पना नवी होती.

मुंबईस सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली चित्रशाळा सुरू झाली, आणि विलायती रीतीने छायाप्रकाश, यथार्थदर्शन व तैलरंग आपली मुले शिकू लागली. पुढे छापखान्यांनी रंगीत चित्रे स्वस्त केली. चित्रावरून छाप, छापावरून कॅलेंडर, कॅलेंडरावरून फळ्यावरचे चित्र, आणि फळ्यावरून मुलाच्या वहीत, असा हा प्रवास झाला. दर मुक्कामाला थोडे थोडे पाहणे गळत गेले. ज्या कॉन्स्टेबलने आपल्या ओळखीची गाडीसुद्धा पुन्हा मागवून पाहिली, त्याच्या परंपरेच्या शेवटी न पाहताच काढलेले दोन त्रिकोण उरले. विलायती सीनरीचा दोष ती विलायती आहे हा नव्हे. ती नकलेची नक्कल आहे, हा आहे.

परंतु सगळ्यांनी नक्कल केली नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातच याचे उत्तम उदाहरण आहे. अबालाल रहिमान हे मुंबईच्या चित्रशाळेत शिकले, तेथे नाव मिळविले, आणि कोल्हापूरला परत आले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. १९३१ साली ते निवर्तले. त्यांनी इंग्लंडातले घर काढले नाही. कोटितीर्थाचे तळे काढले, कोल्हापूरच्या भोवतालची झाडे, पाणी, पहाटेचे आणि सांजेचे ऊन काढले. कॉन्स्टेबलपासून आणि एकूण त्या परंपरेपासून घ्यायचे ते हेच. त्यांची नदी घ्यायची नाही. नदीकडे पाहण्याची त्यांची चिकाटी घ्यायची.

तैलचित्र कसे असते हे छापावरून कळत नाही, ते समोर उभे राहून पाहावे लागते. त्यासाठी लंडन गाठण्याची गरज नाही. लोणंद स्टेशनवर मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसून रहिमतपुरास उतरावे आणि औंध गाठावे. तेथे यमाईच्या डोंगरावर श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली स्थापन केलेले श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रविवर्म्यापासूनची तैलचित्रे आणि पाश्चात्त्य नामवंत चित्रांच्या नकलाही तेथे आहेत. एखाद्या चित्रापुढे प्रथम दहा पावले मागे उभे राहावे, मग अगदी जवळ जावे. दुरून जे रेशमी वस्त्र दिसत होते ते जवळून नुसते रंगाचे फटकारे होतात. हा अनुभव मुलांना एकदा द्यावा. मुंबईस जाणे झाले तर १९२२ साली उघडलेल्या, आता छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव असलेल्या वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रेही पाहावीत.

आणि मग आपल्या नदीकडे यावे. आषाढवारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी लोणंदला येते. तो सोहळा पाहायला आपण सारे जातो. पण एरवीच्या एखाद्या दुपारी, जेव्हा काठावर कोणी नसते, तेव्हाची नीरा आपल्यापैकी किती जणांनी दहा मिनिटे पाहिली आहे? बाजारच्या दिवशी कांद्याच्या पोत्यांवर पडणारे तिरपे ऊन, टरफलांचा उडणारा तांबूस पापुद्रा, सालप्याच्या घाटावर जूनमध्ये चढणारा पहिला ढग, हे कोणी कागदावर उतरविले आहे? बैलगाडी तर आपल्या डोळ्यांदेखत गेली. तिची धाव, तिचा तुंबा, तिचे आरे हे शब्द आजच्या मुलांना सांगावे लागतात. इंग्लंडातली ती गाडीही गेली. पण चाक पाण्यात कसे उभे होते हे दोनशे वर्षांनंतर आपण लोणंदला बसून पाहू शकतो, कारण एका माणसाने ते नीट पाहून ठेवले.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या मुलाने निसर्गचित्र काढायला घेतले, तर त्याला कागदासकट बाहेर न्यावे. डोंगर सपाट दिसत असेल तर सपाट काढू द्यावा. नारळाऐवजी बाभळ काढू द्यावी. ट्रॅक्टर उभा असेल तर ट्रॅक्टर, आणि शेतात कांदा काढणारी बाई वाकलेली असेल तर तीही. तिला मात्र ठिपका करून सोडू नये, एवढे त्याला सांगावे. पक्षी चारच्या आकड्यासारखे दिसतात की नाही, हे तो स्वतःच वर पाहून ठरवील.